गळ्याच्या वरचं माप

...आणि वर मलाच विचारते हो ती पोरगी, "काका, तुमची जोडी कुठंय?" लाल छत्री उंच धरून, तेवीस माणसांत, खणखणीत आवाजात! जोडी कुठंय! अहो, ते माहीत असतं तर सुट्टीच्या दिवशी सकाळी दहा वाजता नवा कोट घालून मी त्या फाटकापाशी एकटा ताटकळलो असतो का? म्हटलं, येतेय. मागून येतेय. सव्वीस वर्षं माझ्या मागूनच चालतेय, आज काय पुढून येणार आहे?

तर तुम्हाला सांगतो, मी शिंपी. बायकांचे कपडे शिवतो. आणि हे जे काय होतं ते म्हणजे 'जुन्या चित्रकारांच्या गल्लीतून प्रेमाची पायी सफर, फक्त जोडप्यांसाठी.' मला कुठली हो असली हौस! बायकोला. दरवर्षी म्हणायची, "अहो, जाऊ या ना, नुसतं चालायचं तर आहे." आणि मी म्हणायचो, लग्नसराई आहे. लग्नसराई संपली की शाळेचे गणवेश. गणवेश संपले की माझी कंबर धरायची. यंदा तिनं विचारलंच नाही, परस्पर पैसे भरून टाकले. आणि सफरीच्या बरोबर सोळा दिवस आधी बॅग भरून बहिणीकडे निघून गेली!

का? केसांवरून. तिनं केस कापले. कमरेपर्यंतचे केस, मानेपर्यंत. आणि मला कळलं अकराव्या दिवशी. तेही केस दिसले म्हणून नाही... मी म्हटलं, "आज तुझी कॉलर मागून मोकळी बसलीय, गळा मोठा कापला गेला काय?" झालं! सुई खाली ठेवली तिनं. दुकानातला पुतळा माहितीय ना, कपडे चढवायचा, बिनडोक्याचा? त्याच्याकडे बोट केलं आणि म्हणाली, "उद्यापासून याला जेवायला बसवा समोर. तुम्हाला फरक कळायचा नाही."

आता मला सांगा, हे बोलणं झालं? अहो, आमच्या धंद्यात माणूस गळ्यापाशी संपतं! वर आमचं काही कामच नाही. हसा, हसा... पण तिसऱ्या रांगेतल्या ताई, तुमची डावी बाही पाव इंच ओढतेय, टाके उसवून आणा, मोफत करून देतो. तिला म्हणायचं काय, की बायकोचा चेहरा मला माहीत नाही? सव्वीस वर्षं हो! झोपेतून उठवून विचारा!

मेहुणीला फोन केला. म्हटलं, तिला सांग, मी जातोय सफरीला, दहाला त्या गल्लीच्या फाटकापाशी आहे, ये म्हणावं. मेहुणी म्हणाली, "सांगते, भावजी." त्या 'सांगते'वर मी कोट शिवला हो! चार दिवसांत! गिऱ्हाइकांची कामं बाजूला ठेवून!

दहा वाजले, सव्वादहा वाजले. सफर दाखवणाऱ्या त्या पोरीनं प्रत्येक जोडीला एकेक डबी दिली, डबीला दोन वायरी, एक यानं कानात घालायची, एक तिनं. म्हणजे लांब जाता येत नाही, चिकटूनच चालायचं. माझी दुसरी वायर कोटाच्या खिशात. आणि ती पोरगी बोलायला लागली... "आणि इथेच... याच खिडकीत... ती उभी राहायची... आणि तो समोरच्या माडीवरून तिला बघायचा... नुसता बघायचा..." हे एवढं सगळं माझ्या एका कानात आणि माझ्या खिशात! खिसा बिचारा मन लावून ऐकतोय!

त्या चित्रकारानं म्हणे त्या बाईला चाळीस वेळा रंगवलं. चाळीस! सगळ्या बायकांनी आपापल्या नवऱ्यांकडे बघितलं. नवऱ्यांनी खिडकीकडे बघितलं. मी मागे बघितलं, कोपऱ्यावरून कुणी येतंय का. कुणी नाही. एक कुत्रा.

पुढे तो अरुंद जिना. "हात धरा एकमेकांचे! पडाल!" मी कठडा धरला. वर पोचल्यावर ती मोजायला लागली, "नऊ, दहा, अकरा... साडेअकरा जोड्या. काका, तुम्ही अर्धे ना?" मी म्हटलं, हो बाई, मीच तो अर्धा. तरी प्रत्येक वळणावर मागे बघत होतो. मान लचकली माझी! मेहुणीनं 'सांगते' म्हटलं होतं ना? उशीर तर माणसाला होतोच ना?

शेवटी एक चौक. तिथे एक म्हातारा चित्रकार, हातात कोळशाची कांडी. तिकिटातच होतं, प्रत्येक जोडीचं चित्र. माझा नंबर आला. माझं तोंड त्यानं दोन मिनिटांत उरकलं, त्यात होतं काय म्हणा! मग म्हणतो, "अर्धा कागद मोकळा सोडायची माझी पद्धत नाही. बाईसाहेब नाहीत तर नाहीत. तुम्ही सांगा, मी काढतो."

मी म्हटलं, काढा! सव्वीस वर्षं हो! झोपेतून उठवून विचारा!

म्हणाला, "डोळे?"

"आहेत."

"आहेत हो. कसे?"

"...दोन."

"नाक?"

"बेताचं."

"भुवया?"

भुवया! भुवया कोण बघतं हो? तुम्हीच सांगा! मिटा डोळे, शेजारी जे माणूस बसलंय त्याच्या भुवया जुळलेल्या आहेत की नाहीत सांगा! ...बघू नका, बघू नका, मिटा! ...काय? आठवत नाही ना?

मग आठवलं, तीळ! हनुवटीवर तीळ आहे! म्हातारा खूश. "कुठल्या बाजूला?" मी लगेच फोन काढला. फोनमध्ये दीड हजार फोटो, नवीन कपडा तिलाच घालून बघतो ना मी. सगळे गळ्यापासून खाली.

रडायलाच आलं हो. म्हटलं, आजोबा, मापं सांगू का? म्हातारा कंटाळला होता, म्हणाला, सांगा. मी म्हटलं, डावा खांदा अर्धा इंच उतरता काढा. बाजारातून कापडाचे गठ्ठे तीच आणते, त्याच खांद्यावरून. पाठ वरच्या बाजूला गोल, काजं करून करून. उजवं कोपर अंगाला धरून. उभी राहते ती सगळा भार डाव्या पायावर टाकून, दुसरी टाच उचललेली, कारण कुणी ना कुणी हाक मारणारच असतं. मी बोलतोय, म्हातारा काढतोय... आणि उभी राहिली हो ती कागदावर! तीच! हजारांत ओळखावी अशी! माझ्या शेजारी. गळ्यापर्यंत.

म्हातारा म्हणाला, "वर?" मी म्हटलं, तेवढं विचारून येतो.

तडक मेहुणीचं घर गाठलं. वायरींची डबी परत द्यायचीसुद्धा विसरलो. दार बायकोनंच उघडलं. मी कागद पुढे केला. तिनं बघितला. बराच वेळ बघितला. म्हणाली, "खांदा बरोबर आलाय."

मी म्हटलं, "मग! अर्धा इंच. मी सांगितला."

"आणि तोंड?"

आता मला अक्कल असती तर मी म्हटलं असतं, तू घरी चल, तोंड घरी बसून काढू. पण नाही. मी काय विचारावं? "अगं, तो तीळ नक्की कुठल्या बाजूला?"

हसली. बरं हसली असती तर चाललं असतं, वाईट हसली. म्हणाली, "मला तीळ नाही हो. चटका आहे तो. पहिल्या वर्षीचा. तुम्ही न बघता इस्त्री मागे सारलीत, मी खाली वाकले होते."

पंचवीस वर्षं मी तो तीळ समजतोय! आणि मनातल्या मनात वर कौतुक, माझ्या बायकोला तीळ शोभतो म्हणून!

मग म्हणाली, "थांबा." आत गेली. थांबा म्हणाली! म्हटलं, बॅग आणायला गेली. आली ती टेप घेऊन, माझा मापाचा टेप. "चुकून माझ्या सामानात आला होता. तुमचं अडत असेल." कागद मात्र ठेवून घेतला. आणि दार लावलं. आपटलं नाही हो, हळू लावलं. आपटलं असतं तर बरं वाटलं असतं.

पण ती टेप देत होती ना, तेवढ्यात मी बघितलं. डोळे भरून बघितलं. भुवया जुळलेल्या नाहीत, मध्ये बोटभर जागा. डोळे तपकिरी, डावा किंचित लहान. केस कानामागे घेतलेले, शोभतात तिला. चटका डावीकडे, तिच्या डावीकडे. चेहरा पाठ झालाय आता. हल्ली अंथरुणावर पडलो की तोच दिसतो, पहाटेपर्यंत... आता खरंच झोपेतून उठवून विचारा, घडाघडा सांगेन. फक्त एक करा. आधी झोप तेवढी लागू द्या.