नानाच्या गाडीमागं

(गारखेड्यातलं मजीदचं ऑनलाइन कामाचं दुकान. समोर कारभारी आणि त्याची बायको द्वारकाबाई.)

मजीद : एकदा टोल चुकवला असता तर भागलं असतं, कारभारीभाऊ. पाच वेळा म्हणल्यावर दंड वाढणारच ना? आता नियम कडक झालाय. हे भरल्याशिवाय गाडीचं फिटनेस सर्टिफिकेट निघत नाय.

कारभारी : निघत नाय म्हंजे? आरटीओत शुक्रवारची तारीख हाय माझी.

मजीद : आज भरलं तरी थकबाकीतनं नाव निघायला चार-पाच दिवस जातात. शुक्रवार तो गया.

द्वारकाबाई : आन् फिटनेस नसलं तर पाचोडचे व्यापारी आप्पासाहेब गाडीत मोसंबी भरू देत नाहीत, मजीदभाई. सोमवारपासून रोजची फेरी ठरलीय आमची. ती आता नानाभावजींच्या पिकअपला जाती बघा.

कारभारी : नानाचं नाव काढू नको.

द्वारकाबाई : का? त्यांच्यापायीच बसलोय की इथं.

मजीद : नानासाहेब? तुमचे चुलतभाऊ? त्यांचा काय संबंध?

कारभारी : सांगतो. नानाची गाडी टोलवर आली की गार्ड खुर्चीवरनं उठतो. 'या नानासाहेब' म्हणतो. दांडा वर, गाडी पार. गावात कुणालाबी इचार, नानाला टोल लागत नाय. मग मी काय रस्त्यावर पडलोय? आजा एकच आमचा. काचेवरचा फास्टॅग काढून खणात टाकला, आन् नानाच्या मागं गाडी चिकटवली. दांडा खाली यायच्या आत मी पार.

मजीद : टॅगमध्ये पैसे नव्हते का?

द्वारकाबाई : होते की. मीच भरायला लावले होते. पैसे असून चोरी केली ह्यांनी.

कारभारी : चोरी नाय ती. मानाची गोष्ट हाय. तुला नाय कळायचं.

द्वारकाबाई : पाच फोटो आलेत मानाचे. बघा बसून.

कारभारी : तेच म्हणतोय मी. पाची फोटोत नाना पुढं हाय. मग त्याला नोटीस का नाय? मजीद, अर्ज लिही. मला दंड, तर त्यालाबी दंड.

द्वारकाबाई : आवं, चुलत असला तरी भाऊ हाय तो.

कारभारी : असू दे. जळतंय म्हण, जळतंयच माझं. पिकअप नवी त्याची, पोरगी नोकरीला लागली त्याची, आन् टोलबी त्यालाच माफ? लिही रे. गाडीचा नंबर सांगू का?

मजीद : सांगू नका. पाठ आहे मला.

कारभारी : तुला कसा पाठ?

मजीद : महिन्याचा पास इथूनच निघतो त्यांचा. दोन साल झाले, एक महिना चुकला नाय. ये देखो, परवाचीच पावती. आधीच भरलेलं असतं, मग टोलवर काय लागणार?

कारभारी : पास?

मजीद : पास.

कारभारी : मग तो गार्ड उठतो कशाला?

मजीद : फारूख? नानासाहेब काच खाली करून त्याला दोन मोसंब्या देतात, दोन शब्द बोलतात. तुम्ही मागं चिकटलेले, तुम्हाला कुठून दिसणार?

कारभारी : मोसंब्या माझ्या गाडीतबी असत्यात.

द्वारकाबाई : आता आणखीन एक ऐका. सकाळी आप्पासाहेबांचा फोन आला होता. आपल्या नोटिशीचं कळलं त्यांना. फेरी नानाभावजींना देऊ केली त्यांनी.

कारभारी : दिली ना? मला ठाऊकच होतं.

द्वारकाबाई : भावजी नाय म्हणले. आठ दिवस थांबा म्हणले, दादाची गाडी येऊ द्या.

कारभारी : आन् हे तू आत्ता सांगती?

द्वारकाबाई : घरी सांगितलं असतं तर दंड भरायला आला असता का तुम्ही?

कारभारी : म्हंजे चांगुलपणाबी त्यानंच करायचा. माझ्यासाठी काय शिल्लक ठेवलंय का नाय त्यानं?

मजीद : भाऊ, अर्जाचं काय करू? निम्मा टाइप झालाय.

कारभारी : पुसून टाक.

मजीद : और दंड?

कारभारी : भर. महिन्याचा पासबी काढ. आगं, गाडीच्या खणातला टॅग आण जरा.

द्वारकाबाई : आणते. जाताना भावजींच्या घरी थांबायचं का? दोन शब्द बोलून घ्या.

कारभारी : आज नको.

द्वारकाबाई : मग कधी? फेरी सुरू झाल्यावर टोलवर गाठ पडंलच की. ते पुढं, तुम्ही मागं.

कारभारी : मी मधी दोन गाड्या सोडून उभा राहीन.