तोंडं बघणारी

तेरला जाणाऱ्या बसमध्ये माझ्या मागच्या सीटवर मायलेकी बसल्या होत्या. लेकीचा फोन नुकताच संपला होता.

"आये, माझी निवड झाली! कार्यक्रम संचालक!"

"म्हंजी काय करायचं गं, दैवशाला?"

"संस्थेचे चाळीस गावांत बायकांचे गट हायत. ते सगळं काम म्या सांभाळायचं."

"चाळीस गावं! आन् तुलाच कसं घेतलं? लई शिकलेली आली आसतील की."

"व्हय. मुलाखतीत साहेबांनी इचारलं, गटातली एखादी बाई यायची बंद झाली तर कसं कळंल? सगळे म्हणले, हजेरी बघू."

"आन् तू?"

"म्या म्हणलं, माझी आई सांजच्याला मेंढरं कोंडताना मोजत न्हाय. नुसती तोंडं बघती, आन् कोण आलं न्हाय ते सांगती. मीबी तसंच करीन."

"आगं बया! माझं नाव सांगितलंस तिथं?"

"म्हाळसाबाई म्हणून सांगितलं की! साहेबांनी लिहून घेतलं."

"खरंच? आन् हापिस कुठाय?"

"कळंबला. तिथंच खोली घ्यावी लागंल, आये."

"रोज सांजच्याला व्हिडिओ कॉल कर. नुसत्या आवाजावर माझं भागायचं न्हाय."