आपोआप गेलेलं आवतण

भोरच्या स्टँडवर पासलीच्या गाडीची वाट बघत मोहिनी मधोमध बसली होती. एका अंगाला आई चंद्राबाई, दुसऱ्या अंगाला गेणूतात्या. मोहिनीच्या बारशाला तात्या चंद्राबाईच्या भाताला कच्चा म्हणाले, तेव्हापासून दीर-भावजयीत अबोला. आधी बोलेल तो हरला. तोवर सगळं मोहिनीमार्फत.

“मोहिने, तुज्या आईला सांग, पयली तीच बोलली. हा बघ मेसेज, ‘तुम्ही आमच्या घरातलेच. जेवायला या.’”

“त्यांना सांग, म्या न्हाई, मोबाईल बोलला. आपल्या शेळ्यांचं पेज जो फॉलो करतो, त्याला आपोआप जातो.”

“तात्या, तुमी फॉलो केलं?”

“शेळ्या बघाय केलं. सांग तिला, आवतण मागं घे, न्हाईतर हरले म्हण.”

“हरतीय माजी शेळी! घरातनं गेलेलं आवतण आमी मागं घेत न्हाई. या म्हणावं आजच. भातच करते.”

“येतो की! भितो काय?”

“पण वाढताना म्या बोलणार न्हाई. आणखी भात पायजे असंल, तर अनफॉलो करून परत फॉलो करा म्हणावं. ‘जेवायला या’ आपोआप येतंय.”