लग्नाचा मेणा

नाही नाही, तू उठू नकोस मावशी, जाळं शिवत बैस — मी काय पाहुणी आहे का. काम एवढंसंच आहे. तो वर धक्क्यावर मेणा ठेवलाय ना, लाल पडद्याचा, त्यात माझी भाची आहे, तिला पलीकडे शाम-शुई-पोला सोडायचं. सासर आहे तिचं तिथं. तू रोज भाजीवाल्यांना नेतेस-आणतेस, तसंच. मेण्यासकट नाही गं, मेणा इथंच राहील, तो लोई परत घेऊन जाईल — तो बघ, खांबाला टेकून घाम पुसतोय तो, भोई आहे, आमचाच माणूस. दुसरा भोई होता, तो मेणा खाली टेकल्याबरोबर निघून गेला. जाऊ दे. नवरी तेवढी मी आणि लोई उचलून तुझ्या होडीत ठेवतो, चटईत गुंडाळून — म्हणजे ऊन लागू नये म्हणून. मीही येते सोबत. आणि हे कांकण बघ, खरं जेड आहे, आईनं घातलेलं. मनगटातून निघत नाही, पण पोचलो की दगडावर फोडून दोन्ही तुकडे तुझ्या हातात देते.

वाजंत्री कुठंय म्हणून बघतेस होय? यंदा कुणाला वाजंत्री सुचतेय. ताइ-पिंग-शानच्या आमच्या गल्लीत रोज कुणी ना कुणी जातंय, तिथं फटाके काय लावायचे. मुहूर्त धरलेला, मोडायचा कसा, म्हणून आपलं गुपचूप — खोकली बघ. उन्हानं खोकते. आवाज जाड आहे पोरीचा, लहानपणापासूनच, तिच्या बापाचाही तसाच. असं काय बघतेस मावशी. मला माहितीय, आम्ही जमिनीवरची माणसं तुम्हा होडीवाल्यांना दारात उभं करत नाही, आणि गरज पडली की मावशी म्हणत येतो. मीही तसलीच. तुझ्या जातीच्या बाईकडनं मासे घेताना टोपली खाली ठेवायला लावायची मी, हातात हात लागू नये म्हणून. आज तू माझ्याकडे तसंच बघतेयस. बघ. पण नाही म्हणू नकोस.

बरं. नवरी नाही ती.

माझा माणूस आहे आत. लुक शिंग. ऐकलं असशील नाव — नसेल ऐकलं, भोयांची नावं कोण ऐकतं. पण किन्नेर्डसाहेब ऐकलाय ना, तो लाल दाढीचा, बोटींच्या कंपनीवाला, ज्याच्या नावाचा रस्ता आहे वर डोंगराकडे? त्याच्या मेण्याचा पुढचा भोई. सोळा वर्षं. पुढचा भोई म्हणजे काय ते तुला सांगायला नको — वाट त्यानं बघायची, दगड त्यानं बघायचा, साप त्यानं बघायचा, आणि साहेबाला झोप लागली की पाऊल कसं हलकं टाकायचं तेही त्यानं. ज्या पावसाळ्यात डोंगर खचला ना, तेव्हा मेणा दरीत गेला आणि शिंगनं साहेबाला पाठुंगळी घेऊन बंगल्यावर पोचवलं. सगळ्या हाँगकाँगच्या गोऱ्यांना ठाऊक आहे ती गोष्ट, साहेब जेवणावळीत सांगतो म्हणे, पेपरात छापून आली — साहेब किती धीराचा. त्याचं मोठं चित्र काढलं, सभागृहात टांगलंय. त्या चित्रासाठी शिंगला अख्खा दिवस दांडी खांद्यावर घेऊन उभं केलं होतं. घरी आला, म्हणाला, आपण आता भिंतीवर राहणार. मग झाडझूड करायला जाणाऱ्या एकानं पाहून सांगितलं, चित्रात मेणा आहे, दांडी आहे, दांडीखाली खांदा आहे आणि वर गवताची टोपी. तोंड नाही. चिताऱ्यानं टोपी खाली ओढली होती. शिंग किती हसला. म्हणाला, टोपी तरी माझीच आहे.

पाय मोडलाय त्याचा. पायरीवरनं घसरला. म्हणून — तू पण ना मावशी, नुसती बघतेस. एक शब्द बोलत नाहीस, आणि माणसाला बोलत राहावं लागतं. पाय नाही मोडला. ताप आहे. तोच. जांघेत गाठ आलीय, लिंबाएवढी, हात लावू देत नाही. राणीच्या वाढदिवसाच्या तोफा झाल्या, त्याच आठवड्यात वरच्या मजल्यावरचा शिंपी गेला, मग त्याची बायको, मग आमच्या जिन्यात उंदीर पडायला लागले, आणि काल पहाटे शिंग म्हणाला, डोकं फुटतंय, आज साहेबाला सांग मी येत नाही. सोळा वर्षांत पहिल्यांदा.

तिकडे बघ, ते जहाज उभं आहे ना पिवळा बावटा लावून — तिथं नेतात. गल्लीत गोरे शिपाई शिरतात, पांढरे कपडे घालून, हातात चुन्याच्या बादल्या, संगतीला दुभाषा. दार उघड म्हणतात, आजारी माणूस काढतात, अंथरूण-पांघरूण रस्त्यात जाळतात, देवाची पाटीसुद्धा चुन्यानं रंगवतात. आणि माणूस त्या जहाजावर. मग तो परत आलेला मी तरी पाहिला नाही. तिथं म्हणे पोरांचे डोळे काढून औषध करतात. दिवसा मला ते खरं वाटत नाही. अंधार पडला की वाटतं. आणि मेलं की खड्ड्यात, चुना टाकून, एकावर एक — ते मात्र खरं आहे, लोईनं पाहिलंय. शिंगनं माझा हात धरून एवढंच मागितलं, मला चुन्यात टाकू देऊ नकोस. मी म्हटलं, नाही टाकू देणार. म्हणून बसले मी पण बोलून.

आज सकाळी मी बंगल्यावर गेले. सगळा डोंगर चालत चढले — त्या वाटेनं शिंग रोज माणूस घेऊन चढायचा, मला नुसतं चालवेना. मला वाटलं साहेबाचा कागद मिळाला तर शिपाई आम्हाला जाऊ देतील, त्याच्या सहीपुढे कोण बोलणार. साहेब व्हरांड्यात आला. वाईट माणूस नाही गं तो, हेच तर सांगतेय. खानसाम्याला मध्ये घालून विचारलं, ‘‘शिंगला काय झालंय?’’ मी म्हटलं ताप आहे. ‘‘गाठ आहे का?’’ आता खोटं कसं बोलू, मी म्हटलं आहे, थोडीशी. खानसाम्यानं ते सांगितलं आणि साहेब दोन पावलं मागे सरकला, पार दाराला टेकला. पण डोळे भरले त्याचे. मी पाहिले, लाल झाले. म्हणाला, ‘‘तू काळजी करू नकोस. मी आत्ताच निरोप पाठवतो, माणसं येऊन त्याला नीट घेऊन जातील. जहाजावर माझ्या ओळखीचा डॉक्टर आहे. शिंगसाठी मी एवढं करणारच.’’

खानसाम्यानं मला हे सांगितलं तशी मी जमिनीवर डोकं टेकलं. नको म्हटलं. जहाज नको साहेब, कागद द्या, गावी नेते. पुन्हा पुन्हा डोकं आपटलं. खानसामा काय बोलला देव जाणे, का बोललाच नाही — भ्यायला होता, त्याला मला लवकर घालवायचं होतं. साहेबाला वाटलं मी उपकार मानतेय. त्यानं हात वर केला, राहू दे राहू दे, असा. आणि आत गेला निरोप लिहायला.

कळतंय का तुला मावशी? मी नसते गेले तर कुणाला पत्ता नव्हता. आमच्या खोलीवर कुणी आलं नसतं अजून दोन दिवस तरी. मी माझ्या पायानं चढून गेले आणि शिपाई बोलावून आले. मागच्या अंगणात धूर दिसला, बघते तर शिंगचा मेणा जाळत होते. दांड्या ओल्या होत्या बहुतेक, पेटेनात. जिथं त्याचा खांदा लागायचा तिथं बांबू काळा तुळतुळीत झालेला. माळी त्यावर तेल ओतत होता.

मी धावत खाली आले. लोई जिन्यातच बसला होता, शिंगच्या मागे दांडी धरायचा तो, हा मेला तर मी कुणाची पाठ बघू म्हणाला. त्यालाच सुचलं. लग्नाचे मेणे भाड्यानं देणारा त्याच्या ओळखीचा, यंदा लग्नंच नाहीत, मेणे धूळ खात पडलेत. म्हणाला, आजाऱ्याचा मेणा अडवतील, नवरीचा पडदा कोण उचलणार. शिंगला आत बसवला. बसवला म्हणजे काय, कोंबला, कापडानं मागच्या फळीला बांधला. त्याला अर्धवट शुद्ध होती. म्हणतो कसा, ‘‘मी आत बसू? मग पुढे कोण?’’ लोई म्हणाला, ‘‘मी आहे पुढे. तू आज साहेब.’’ तर हसला. त्याही तापात म्हणाला, ‘‘मग हळू चाल, मला झोप लागलीय.’’

गल्लीच्या तोंडाशी ते भेटले. चार-पाच शिपाई आणि तो दुभाषा, कागद वाचत होता, आमचंच घर शोधत असणार. मी मेण्याच्या बाजूनं चालत होते. मला काय करावं सुचेना आणि मी रडायला लागले — नवरीची आई रडते तशी, सूर धरून, गं बाई माझी, तुला वाढवली, परक्याच्या दारी पाठवली, पुन्हा कधी दिसशील. गाणं म्हणून सुरू केलं आणि मग ते गाणं राहिलंच नाही. दुभाष्यानं शिपायांना काहीतरी सांगितलं. ते बाजूला झाले. एक तर कोवळा होता, त्यानं टोपीला बोट लावलं, नवरीला मान दिला बघ. आणि आतून शिंग कण्हला, तर मी आणखी मोठ्यानं रडले.

हात? काही नाही झालं हाताला. मेण्याला मधेच खांदा दिला ना, म्हणून आखडलाय. असाच धरला की बरं वाटतं. तू माझ्या हाताकडे नको बघूस, तू पाण्याकडे बघ, ओहोटी लागायच्या आत निघायला हवं ना. पलीकडे आपला मुलूख, तिथं गोऱ्याचा शिपाई येत नाही. धाकटा दीर उभा आहे तिथं देवळापाशी, डोली घेऊन, निरोप कालच पाठवलाय. तिथून गाव लांब नाही. डोंगराच्या पोटाशी सासऱ्यांची जागा आहे, समोर भात दिसतो. जगला तर पेज पाजीन, नाही जगला तर सासऱ्यांशेजारी ठेवीन, एवढंच, मावशी, याच्यापुढे मी काही मागत नाही. तू वल्ह्याशी बैस, आम्ही पार दुसऱ्या टोकाला बसू, वारा तुझ्याकडून आमच्याकडे येईल असं. उतरल्यावर सगळी होडी मी खाऱ्या पाण्यानं धुऊन देईन. कांकण नको असेल तर मी तुझ्याकडे राबेन. जमिनीवरची बाई होडीवालीकडे राबली असं कधी ऐकलंयस का? मी राबेन.

फळी टाकतेस? खरंच टाकतेस? थांब, मी धरते — लोई, ये रे, ये लवकर, मावशी हो म्हणाली. बोलली काहीच नाही, पण फळी टाकली. हळू उचल त्याला. डोकं सांभाळ. मावशी, तुझं तोंड बघून वाटलं नव्हतं गं. तुझ्या मुलाबाळांना —

हे काय. ही कोण?

चटईखाली झोपली होती? एवढा वेळ? नात का तुझी? दात पण आले नाहीत अजून. म्हणून तू गप्प होतीस. मी जीव तोडून सांगतेय आणि तू ऐकतेस, बघतेस, आत एकदा वळून बघतेस, मला वाटलं आत मासे आहेत. मग हो कशाला म्हणालीस? माझ्या रडण्याला भुललीस? धर, धर तिला, फळीवर येतेय, माझ्याकडे येतेय — अगं उचल तिला, माझ्या बाहीला हात घालतेय. सोड गं बाळ. सोड. मावशी, घे तिला आधी.

नाही, मी मागे सरकले ते — थांब, सांगते. काखेत आहे. माझ्याही. सकाळी डोंगर चढताना कळलं, शिंगच्या गाठीपेक्षा लहान आहे अजून. साहेबासमोर पण होती. कुणाला नाही सांगितलं, लोईलाही नाही. लोई, ऐकलंस ना, आता ऐक. ठेव त्याला परत आत. नीट बसव. पडदा ओढ.

नको मावशी. बोलू नकोस, आता कुठं तोंड उघडतेयस. टोकाला बसू, वाऱ्याच्या बाजूला बसू, मीच म्हणाले ते सगळं, पण तुझी होडी केवढी, चार हात. तिचे हात बघ, सगळं तोंडात घालतेय. तिच्या हाताला माझी बाही लागलीय, आधी समुद्रात धू तिचे हात, चांगले घासून, रडली तर रडू दे.

लोई, तू जा. मागच्या वाटेनं जा, मेणा राहू दे इथं. तुझं नाव मी कुणाला सांगत नाही. मी बसते याच्यापाशी, शिपाई येतीलच शोधत. दोघांना गाठ आहे म्हटल्यावर दोघांना एकदमच नेतील ना जहाजावर, वेगळं कशाला करतील. मी त्यांना सांगेन, आधी मला उचलू नका, तो उठेल तर मी दिसायला हवी.

मावशी, एक कर. शाम-शुई-पोला जाशील तेव्हा देवळापाशी माझा दीर असेल, निळ्या कपड्यातला, उंच. लांबूनच सांग त्याला, होडीतूनच सांग, उतरू नकोस. म्हणावं, थांबू नकोस, घरी जा. चुन्याचं काही सांगू नकोस.

फळी ओढ आता. पोरीला आत घे. दोर मी सोडते — नाही, मी नको, तूच सोड.

जा.