खोकं नवं, आतलं जुनं

ग्वायाकिल शहरातल्या एका बेकरीसमोरच्या रांगेत दवाखाना चालवणाऱ्या एउदोसियाबाई कॉम्प्युटरवाल्या फाउस्तोला फैलावर घेत होत्या. मागे उभी नार्सिसा ऐकत होती.

“सर्व्हर नवा म्हणालास, आणि आतलं सॉफ्टवेअर वर्षापूर्वीचं? कुणाचा वापरलेला माल गळ्यात मारलास?”

“सील तुम्हीच फोडलंत ना, बाई? सॉफ्टवेअर कारखान्यातच भरतात. मग खोकं गोदामात पडून राहतं. तोवर इंटरनेटवरच्या चोरांना त्या सॉफ्टवेअरमध्ये शिरायच्या फटी सापडतात.”

“मग विकण्याआधी बुजवायच्या!”

“एवढी खोकी कोण उघडत बसणार? म्हणून आधी अपडेट करून फटी बुजवायच्या, मगच इंटरनेट... तुम्ही जोडला नाहीत ना?”

“सकाळीच जोडला. पेशंट खोळंबले होते.”

फाउस्तो पळतच सुटला.

“आणि हे आत्ता सांगतोस?” म्हणत बाई त्याच्यामागे धावल्या.

नार्सिसाच्या आईचे सगळे रिपोर्ट त्याच दवाखान्याच्या सर्व्हरवर होते. तीही रांगेतून निघाली.