मॅचच्या मागची चार मिनिटं

उकंडराव : ...अन् त्या दिवशी लाईट गेलतीच न्हाई, निर्मलाबाई. मी खोटं बोललो.

निर्मलाबाई : कोन्त्या दिवशी? तुमी आधी पानी प्या.

उकंडराव : तीस वर्षं झाली. तुमच्या साक्षरता वर्गाचं टीव्हीवाल्यांनी शूटिंग केलतं. आठवतंय का?

निर्मलाबाई : न आठवाया काय झालं? मीच तर फळ्यापाशी उभी होते. दाखवणार होते दुपारी, अन् आमी समद्या कापूस वेचाया. अख्ख्या गोरेगावात टीव्हीवरचं भरून घ्यायची दोनच मशीन. म्हनून तुमाला म्हनलं, भाऊ, तेवढं कॅसेटात भरून ठेवा.

उकंडराव : ठेवलं होतं. बराबर अर्धा तास भरलं होतं.

करुणा : काका, एक मिनिट. आईनं मला वेगळंच सांगितलंय. बाया बघायला आल्या तेव्हा तुम्ही म्हणालात, लाईट नव्हती, काहीच भरलं नाही.

उकंडराव : तवर पुसलं होतं, ताई. ह्या बाया रविवारी बघाया येनार होत्या. शनिवारी मॅच होती. जावई बाहेरगावी, म्हनला मामा, माझ्यासाठी भरून ठेवा. घरात कोरी कॅसेट नव्हती.

करुणा : म्हणजे चुकून पुसलं.

उकंडराव : न्हाई. चुकून म्हनलो असतो तर मला सोपं गेलं असतं. त्यात काय हाय ते ठाऊक होतं मला. म्हनलं, ह्या बायांचं काय एवढं, सांगू कायतरी.

करुणा : ह्या बायांचं काय एवढं!

निर्मलाबाई : करुणा, बोलू दे त्यायला.

करुणा : त्यांनी बोलावं, पण ऐकावंसुद्धा. काका, पुढं काय झालं माहीत आहे? गल्लीत लोक हसले. निघाल्या होत्या टीव्हीत दिसायला, म्हणाले. बाबासुद्धा हसले. आई त्या वर्गाला परत गेली नाही. मी शाळेत लेकरांना वाचायला शिकवते, आणि माझी आई एसटीची पाटी दुसऱ्याला विचारते.

निर्मलाबाई : सही येते मला.

करुणा : सही येते गं. तेवढीच येते.

निर्मलाबाई : अकरा जनी आलतो, उकंडराव. रविवारचं न्हाऊन-धुऊन, बरी लुगडी नेसून. तुमी उंबऱ्यातूनच सांगितलं अन् दार लोटून घेतलं.

उकंडराव : तोंड दाखवायला नको म्हनून.

निर्मलाबाई : मंग आजच काहून आलाव?

उकंडराव : मशीन भंगारात द्याया काढलं. कॅसेट आतच अडकलेली. हिंगोलीत एक जन लग्नाच्या जुन्या कॅसेटी पेनड्राइव्हवर करून देतो, त्याच्याकडं नेली. समदी मॅचच. उठाया लागलो, तर मॅचच्या मागं एकदम तुमचा वर्ग. मॅच भरताना खरोखरची लाईट गेलती बगा. तेवढं पुसायचं राहिलं. चार मिनिटं हायत. हे घ्या.

करुणा : आई, लावू का? तुझं मन नसेल तर राहू दे.

निर्मलाबाई : लाव.

(करुणा पेनड्राइव्ह टीव्हीला लावते. निर्मलाबाई पदर सारखा करून बसते, तिलाच कोणी बघणार असल्यासारखी.)

निर्मलाबाई : अगं बया! कवढी बारीक हाय मी.

करुणा : श्श. वाचायला लागलीस बघ.

निर्मलाबाई : अडकले. त्या 'विहिरी'वर अडकले बग.

करुणा : पण सोडलं नाहीस. पुन्हा पहिल्यापासून घेतलंस. आता म्हटलंस, 'गावाच्या विहिरीला पाणी आहे.' आई, किती खणखणीत!

निर्मलाबाई : मला वाटाया लागलं होतं, लोकं म्हनतेत तेच खरं. मला कुठं वाचता येत होतं? मीच मनानं धरून बसले असंल.

करुणा : येत होतं, आई. दिसतंय की समोर.

उकंडराव : लई तकलीफ दिली मी तुमाला. माफ करा म्हनायलाबी जीभ उचलून न्हाई राहिली.

निर्मलाबाई : थांबा हो जरा. करुणा, मागं घे. हां, तिथंच ठेव. ती भिंतीकडची, पदर तोंडाला लावून हासून राहिली ती. मिराबाई हाय.

करुणा : कोण, रत्नपालची आई?

निर्मलाबाई : व्हय. ती गेली तवा रत्नपाल दोन वर्षांचा. घरात तिचा एक फोटू न्हाई. त्या लेकराला आईचं तोंड कसं होतं तेच ठाऊक न्हाई.

करुणा : तो आत्ता जेवायला घरी आला असेल. त्याच्याकडं टीव्ही आहे.

निर्मलाबाई : मंग काढ ती काडी. चला.

उकंडराव : या तुमी जाऊन. मी निघतो घराकडं.

निर्मलाबाई : न्हाई. तुमीबी चला. दाखवायचं आमी दाखवतो. इतके दिवस कुठं होतं, ते तुमी सांगायचं.

उकंडराव : समदं सांगू?

निर्मलाबाई : समदं. मी हाय की संगं.