मागच्या दाराने गेलेला पाहुणा

आज सभागृहात सगळ्यांच्या आधी कोण आलं, तर आमची शेजारीण उना, आणि तीही केक मांडायला नाही, पुढची खुर्ची धरायला. असो. अध्यक्ष फादर मॅलकी, व्यासपीठावरच्या शाळेच्या बाई, माझं घर शाकारायला परगावाहून आलेले फिंटन आणि त्याची बहीण ग्रॉन्या, नि समस्त गावकरी मंडळी, तुम्हा सर्वांना या सोर्खाचा नमस्कार.

निरोप या दोघांचा, आणि माझं लक्ष खिडकीकडे. वारा उठलाय ना हो?

माझ्या छपराचं पुढचं पाखं काय देखणं झालंय. वाशांवर गवतासकट कापलेले मातीचे थर, त्यावर ओटचा पेंढा, वरून दोर, आणि दोर वळचणीखालच्या दगडी खुंट्यांना बांधलेले. उना विचारते, "घर इतकं अरुंद का गं बांधलं तुझ्या सासऱ्यांनी?" अगं, इथे झाडं कुठली, दलदलीत गाडलं गेलेलं जुनं लाकूड जेवढं लांब निघालं, तेवढंच घर रुंद. पण मी सांगत होते पाख्याचं. मागचं, समुद्राकडचं, अजून उघडं आहे. पेंढा संपला. यंत्राने कापलेला तुटका असतो, तो चालत नाही, म्हणून विळ्याने कापलेला शोधायला हे दोघं निघालेत. गेलेला कारागीर परत येतो का, तुम्हीच सांगा. माझा धुराडं साफ करणारा गेल्या वर्षापासून येतोच आहे.

तर आज सकाळी फिंटन पुढच्या दाराने आला, पाव-लोणी खाल्लं, फोन वाजला आणि बोलत बोलत मागच्या दाराने गेला. पाहुणा आल्या दाराने गेला नाही तर घरचं दैव बरोबर घेऊन जातो, हे इथे कुणाला सांगायला हवं का?

मी म्हटलं, "बाळा, काय नेलंस?"

"आजी, पावाचा एक तुकडा फक्त. खिशात आहे."

ग्रॉन्या मात्र हसली नाही. "दादा, मागून आत ये आणि पुढून बाहेर जा. आत्ताच्या आत्ता."

तो वळलासुद्धा. मीच दार अडवलं. म्हटलं, आत्ता नको, माझं दैव राहू दे तुझ्याकडे. मागचं पाखं शाकार, मग जा पुढून.

फादर, हसू नका. केकबद्दल उनाचे, खुर्च्यांबद्दल सगळ्यांचे आभार. कुणाला काही लागलं असेल तर पोटात घाला. म्हातारी वाऱ्याकडे कान ठेवून बोलत होती. दोघांनी परत यायचा शब्द दिलाय, नोव्हेंबरात, संत मार्टिनच्या सणाच्या आदल्या दिवशी. तोवर मागच्या दाराला मी कडी घालणार नाही.